नवी बॅटरी टाकूनही गाडी सकाळी उठत नाही? जुन्या कारचं चार्जिंग असं तपासा

सकाळी चावी फिरवली की सेल्फ ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो. मग शेजारच्या दोघांना हाक मारायची, गाडी ढकलायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, की झाली चालू. दिवसभर काही तक्रार नाही. चार दिवसांनी पुन्हा ‘टक्’. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी गेली, नवी टाका. नवी टाकली की काही महिने सुखाचे जातात आणि मग तेच रडगाणं पुन्हा सुरू. इंदुरात पंधरा वर्षांनंतर फिटनेस करून नोंदणी पुढे वाढवलेल्या मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो अजून कितीतरी घरांपुढे उभ्या आहेत, आणि त्यांच्या मालकांकडून मी सगळ्यात जास्त ऐकतो ती तक्रार हीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोजल्याशिवाय बॅटरी बदलू नका. बॅटरी बसते ती तीन कारणांनी. तिच्यात पुरेसं भरलं जात नाही, भरलेलं गाडी उभी असताना गळून जातं, किंवा तिची स्वतःची धरून ठेवायची ताकद संपलेली असते. सकाळी लक्षण तिन्हींचं एकच दिसतं. फरक कळतो तो मल्टिमीटरने, आणि तोही योग्य वेळी, योग्य जागी लावला तर. साधा डिजिटल मीटर पुरतो, गॅरेजवाल्याचं महागडं यंत्र लागत नाही. हातातली अंगठी-कडं काढून ठेवा, बॅटरीजवळ विडी-सिगरेट नको, आणि तार सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी चावी लावण्याआधी घ्यायचं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा, क्लॅम्पवर नाही. बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. गाडी नुकतीच बंद करून मोजलंत तर वरवरचा चार्ज फसवतो, १२.९ दिसतं आणि आपण खूश होतो. रात्री उशिराच मोजायचं असेल तर मिनिटभर हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

१२.२ च्या खाली आकडा आला म्हणजे बॅटरी खराब, असं नाही. ती फक्त रिकामी आहे. आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर तीन-साडेतीन अँपिअरवर रात्रभर. पार बसलेली बॅटरी गाडीच्याच अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, भरून घ्यायची सवय वाईट, कारण तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालत तापतो आणि त्याचे डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, त्यातच जातात. भरून झाल्यावर सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही कप्पे बघा. पाचांत आकडा सारखा आणि एकात ०.०५ ने खाली, तर तो कप्पा मेला, मग वाद नाही. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा प्लेटा उघड्या पडलेल्या बॅटऱ्या मी फार बघितल्यात, आणि उघडी पडलेली प्लेट पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. रस्त्यावरचे काही मिस्त्री अजूनही चालू गाडीत बॅटरीची तार उपसतात. इंजिन चालू राहिलं तर ‘डायनामो (म्हणजे अल्टरनेटर) चांगला’, बंद पडलं तर ‘डायनामो गेला’. हे करू देऊ नका, कुणालाही. बॅटरी अल्टरनेटरच्या विजेला आवर घालते. ती अचानक बाजूला झाली की तारांत क्षणभर कित्येक पटींनी जास्त व्होल्टेज उसळतं. त्यात डायोड जातात, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जातो, आणि एमपीएफआय (कंप्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी) गाडी असेल तर इंजिनाचा कंप्युटरही जाऊ शकतो. कार्ब्युरेटरची गाडी ह्या परीक्षेत टिकली तरी त्यातून कळत काहीच नाही, कारण नुसतं इंजिन चालवायला वीज अगदी थोडी लागते. अर्धमेला अल्टरनेटरसुद्धा ही परीक्षा पास होतो.

खरी परीक्षा अशी. गाडी चालू करा, हलकी रेस द्या आणि बॅटरीच्या खुंटांवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये आकडा हवा. कडक उन्हाळ्यात भर दुपारी गरम इंजिनावर थोडा कमी दिसतो, ते ठीक आहे, रेग्युलेटर तसाच बनवलेला असतो. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, पाणी भराभर उडतं, हेडलाइटचे बल्ब वारंवार जातात. आणि रेस देऊनही आकडा १२.५ वरून हलत नसेल तर चार्जिंग होतच नाही.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि माझ्या अनुभवात जुन्या गाड्यांचा खरा आजार नेमका ह्याच्या पुढच्या पायरीवर सापडतो. हेडलाइट लावा, ब्लोअर पूर्ण, मागची काच तापवायची सोय असेल तर तीही. इंजिन साधारण दोन हजार फेऱ्यांवर धरा आणि पुन्हा मोजा. आकडा १३.५ च्या वर टिकायला हवा.

राजेंद्रनगरात आमच्या ओळखीच्या एका काकांची २००५ ची मारुती ८०० ह्याच पायरीवर पकडली गेली. दोन वर्षांत दुसरी बॅटरी, अल्टरनेटर एकदा खोलून कार्बन (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) बदललेले, आणि तरी सकाळी ‘टक्’. नुसतं चालू इंजिनवर मोजलं तर १३.९. मिस्त्रीने हाच आकडा बघून ‘चार्जिंग बरोबर आहे’ म्हटलं होतं, आणि त्याने बघितलं तेवढं बरोबरच होतं. काकांना म्हटलं, “काका, आता हेडलाइट लावा, पंखा चारवर करा आणि रेस धरून ठेवा.” आकडा घसरत १३.३ वर आला. मग मीटरची टोकं अल्टरनेटरवर नेली, एक मागच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि एक त्याच्याच धातूच्या अंगावर. तिथे १४.२. म्हणजे अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता आणि वाटेत ०.९ व्होल्ट कुठेतरी खाल्ले जात होते.

कुठे, ते शोधायची रीत सोपी आहे आणि प्रत्येकाने शिकून घ्यावी अशी आहे. सगळे दिवे चालूच ठेवायचे. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर. एकाच तारेची दोन टोकं, त्यामुळे आकडा जवळपास शून्य हवा, ०.३ पर्यंत चालतो. काकांच्या गाडीत ०.२ आला. मग एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. इथे ०.२ च्या आत हवं. आलं ०.७. हिशेब जुळला, चोर अर्थिंगच्या, म्हणजे वीज बॅटरीकडे परत येते त्या निगेटिव्हच्या, बाजूला.

निगेटिव्ह तार बॅटरीपासून गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत जाते. वरून बघितलं तर ठीकठाक, बोल्ट घट्ट, क्लॅम्प स्वच्छ. पण गिअरबॉक्सच्या टोकाजवळचं काळं रबर नखाने मागे सरकवलं तसा आत हिरवा भुगा. तांब्याच्या बारीक तारांपैकी निम्म्याहून जास्त थिंबलच्या (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) मानेशी तुटलेल्या होत्या, उरलेल्या हिरव्या पडून ठिसूळ झालेल्या. तार बोटाने वाकवली की करकर आवाज. रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटात बसलेला असतो, तो आपल्या दारातले १४.२ बघतो आणि समाधानी राहतो. बॅटरीच्या दारात १३.३ पोचतायत हे त्याला कळायला मार्ग नाही. तेवढ्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, अर्धपोटी राहून राहून प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि वर्षभरात बॅटरी खरोखरच कामातून जाते. नव्या बॅटरीलाही तोच भोग. त्यांचा सेल्फ गरम गाडीतसुद्धा जड फिरायचा, तोही ह्याच तारेमुळे, कारण सेल्फची वीज त्याच वाटेने परत येते.

दुरुस्ती म्हणजे तेवढ्याच जाडीची नवी तार, दोन्ही टोकांना नीट दाबून बसवलेले थिंबल, गिअरबॉक्सवर आणि बॉडीवर टेकते ती जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत, बोल्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आवळण्याआधी मध्ये भरायची नाही. काकांच्या गाडीत मग दिवे लावून बॅटरीवर १४.० दिसायला लागले. बॅटरी बाहेर भरून आणली, ती वाचली. काकूंनी चहाबरोबर जिरावण टाकलेले पोहे खाऊ घातले, ते वेगळं.

अर्थिंगवर मी इतका वेळ देतोय कारण जुन्या गाडीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट तीच आहे. इंजिनाची अर्थिंग अगदीच गेली तर वीज परत यायला क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल धरते. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर दुसरं काही शोधू नका.

चार्जिंग मुळीच होत नसेल, म्हणजे आकडा १२.५ च्या पुढे जातच नसेल, तर आधी पट्टा. बोनेट उघडा, इंजिन बंद, दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा. एक सेंटीमीटरच्या आत दबला पाहिजे. कडा काचेसारख्या चकाकत असतील, किंवा पट्टा पुलीच्या खाचेत तळाला टेकत असेल तर आवळून उपयोग नाही, बदला. पहिल्या पावसात सकाळी गाडी किंचाळते तो हाच. मारुती ८०० मध्ये हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, तेव्हा तुटला तर चार्जिंगबरोबर इंजिनही तापणार. मुख्य जाड तारेवरचा मोठा फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंकही बघा, तो उडाला असेल तर अल्टरनेटर धडधाकट असूनही बॅटरीपर्यंत काही पोचत नाही.

मग डॅशबोर्डवरच्या मीटरमधला लाल बॅटरीचा दिवा. चावी लावली, इंजिन बंद, तर तो पेटलाच पाहिजे. लोक हा दिवा पेटला की घाबरतात, पण चावी लावल्यावर तो न पेटणं जास्त वाईट. बऱ्याच जुन्या गाड्यांत ह्याच दिव्यातून जाणारी थोडीशी वीज अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, पहिली चेतना देते. दिवा उडाला, त्याची तार तुटली किंवा कार्बन झिजून स्लिप रिंगला (ते घासतात त्या रोटरवरच्या कड्यांना) टेकेनासे झाले, की अल्टरनेटर झोपूनच राहतो. काही वेळा जोरात रेस दिली की जागा होतो आणि मग दिवसभर चार्ज करतो. हौसेने मीटरमध्ये सगळीकडे एलईडी बसवलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं, कारण एलईडीतून तेवढी वीज जातच नाही. त्या एका जागी जुना तंतूचा बल्बच ठेवा.

दिवा पेटत नसेल तर दोष तारेत आहे की अल्टरनेटरमध्ये, हे असं कळतं. अल्टरनेटरचा छोटा प्लग काढा, त्यातली ‘एल’ची, म्हणजे ह्या दिव्याकडून येणारी, तार ओळखा, चावी लावा आणि ती तार एका छोट्या १२ व्होल्टच्या बल्बमधून इंजिनाच्या धातूला टेकवा. थेट टेकवू नका, चुकून शेजारची इग्निशनची तार धरली गेली तर फ्यूज उडेल. दोन्ही दिवे मंद पेटले म्हणजे तार आणि मीटर शाबूत, बिघाड अल्टरनेटरच्या आत. लावलेला बल्बच पूर्ण उजेडाने पेटला आणि मीटरमध्ये अंधार, तर ती इग्निशनची तार आहे, दुसरी धरा.

गाडी चालू असताना लाल दिवा मंद, केशरी धगीसारखा पेटत राहिला आणि हेडलाइट लावल्यावर वाढला, तर डायोडवर संशय घ्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, दिवे चालू, हलकी रेस, टोकं बॅटरीवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर डायोड प्लेट गेलेली असण्याची शक्यता दाट. एक सावधगिरी हवी. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसी मोजलं की भलताच आकडा दाखवतात. म्हणून आधी बंद गाडीच्या बॅटरीवर टोकं दोन्ही बाजूंनी उलटसुलट लावून बघा. दोन्ही वेळा शून्याजवळ आलं तरच तो मीटर ह्या कामाचा.

डायोडचा दुसरा गुण असा की तो बिघडला की गाडी बंद असताना उलट्या वाटेने बॅटरी पीत बसतो. गाडी उभी करून तीन-चार तास झाले, इंजिन गार पडलं आणि अल्टरनेटर तेवढा कोमट लागतोय, तर चोर हाताला लागला.

आणि इथून गळतीचा विषय सुरू होतो. चार्जिंग वरच्या सगळ्या मापांत पास होतंय, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी उठत नाही, तर रात्री कुणीतरी वीज खातंय. चावी काढा, दारं बंद, डिकी बंद, बोनेट उघडं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून तार आणि खुंट ह्यांच्या मध्ये जोडा. मीटर अँपिअरवर असताना टोकं बॅटरीच्या दोन खुंटांवर कधीही टेकवायची नाहीत, आणि मध्ये जोडलेलं असताना चावीही लावायची नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबून आकडा बघा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. अर्धा अँपिअर दिसला तर हिशेब करा, दिवसाला १२ अँपिअर-तास, ३५ ची बॅटरी तिसऱ्या दिवशी संपली. मग एकेक फ्यूज काढत जायचं, ज्याने आकडा पडेल त्या वाटेवर चोर. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, रिव्हर्सचं गाणं, डिकीचा न विझणारा दिवा, सायरन, बॅटरीला थेट जोडलेला मोबाइल चार्जर, बहुतेक वेळा ह्यांतलंच कुणीतरी निघतं. कुठल्याच फ्यूजने आकडा पडला नाही, तर निगेटिव्ह पूर्ण सोडून अल्टरनेटरची जाड तार काढा, ती टेप लावून वेगळी ठेवा आणि पुन्हा मोजा. आता पडला तर डायोड.

आपल्याकडे ह्यात एक भर आहे. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आई-वडील महिना-दोन महिने तिकडे, आणि गाडी इथे तिलकनगरच्या गल्लीत झाकून उभी. गाडी अगदी निरोगी असली, गळती फक्त ३० मिलिअँपिअर असली, तरी महिन्याला २१ अँपिअर-तासांच्या वर जातात. ३५ च्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त, आणि उन्हाळ्यात बॅटरी स्वतःहून उतरते ते वेगळं. त्यात बिघाड शोधायला जाऊ नका. निघताना निगेटिव्ह क्लॅम्प सोडून जा, एवढंच.

तसंच रोज घरापासून राजवाड्यापर्यंत गर्दीत रांगत जाणारी गाडी. डीमवर दोन ५५ वॉटचे दिवे म्हणजे नऊ अँपिअर, त्यात ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, पावसात वायपर, आणि आयडलिंगवर जुन्या छोट्या अल्टरनेटरकडे द्यायला फार काही नसतं. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री गर्दीत अडकलात तर बॅटरी उतरतेच. अशा गाडीला आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, उज्जैनपर्यंत म्हणा, फिरवून आणा, नाहीतर महिन्यातून एकदा चार्जर लावा.

सगळ्यात छळणारा बिघाड तो, जो मिस्त्रीपुढे उभं केलं की नाहीसा होतो. सगळी मापं ठीक आणि तरी महिन्यातून एकदा गाडी बसते. अशा वेळी सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर घ्या. तो बॅटरीपेक्षा दोन-तीन दशांश कमी दाखवेल, तो फरक आधी लक्षात ठेवा. मग चालवताना नजर टाकत जा. थंड गाडीत १४, सिमरोलचा घाट चढून इंजिन तापलं की अचानक १२.३, आणि खड्ड्यात आपटली की पुन्हा १४, असं दिसलं तर कार्बन झिजून स्प्रिंगच्या टोकाला आलेत किंवा रेग्युलेटर गरम झाला की दगा देतोय. आकडा पडलेला असतानाच गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवा. पट्ट्यापासून हात आणि ओढणी दूर ठेवून लाकडी मुठीने अल्टरनेटरच्या मागच्या अंगावर हलकं ठोका. आकडा उसळला तर कार्बन. खोलायला देताना मिस्त्रीला स्लिप रिंग दाखवायला सांगा. तिच्यावर नखाला लागेल अशी खाच असेल तर ती लेथवर साफ केल्याशिवाय नवे कार्बन बसवून घेऊ नका, आणि खोललंच आहे तर दोन्ही बेअरिंगही बदलून घ्या.